ठाण्यात राहून कार्बन फूटप्रिंट कमी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली तीन वर्षं आमच्या सोसायटीच्या कमिटीत वीज, पाणी आणि कचरा हे तीन विषय मी बघते. लिफ्टमध्ये, जिन्यात, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना शेजारी जे प्रश्न विचारतात, तेच इथे घेतले आहेत. आकडे घरगुती हिशेबाला पुरतील असे गोल केले आहेत. मोठं काय आणि किरकोळ काय, हे कळायला तेवढे पुरतात.

कार्बन फूटप्रिंट म्हणजे नेमकं काय?

आपल्या राहण्या-खाण्या-फिरण्यामुळे वर्षभरात उष्णता धरून ठेवणारे जे वायू हवेत जातात, त्यांचं एकूण वजन. यात कार्बन डायऑक्साइड मुख्य. मिथेन किंवा एसीतला गॅस यांचा परिणामही कार्बन डायऑक्साइडच्या मापात बदलून मोजतात. भारतात माणशी वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड पडतो, जगाची सरासरी साडेचार ते पाच टन आहे आणि अमेरिकेत माणशी चौदा टनांच्या आसपास. पण आपल्या २ टनांच्या सरासरीत जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरचं कुटुंब आहे, तसंच घोडबंदरच्या टॉवरमधलं दोन गाड्या आणि चार एसी असलेलं कुटुंबही आहे. म्हणून 'भारताची सरासरी कमीच आहे' असं म्हणून आपण सुटत नाही. आपला आकडा आपल्यालाच काढावा लागतो.

माझा आकडा घरच्या घरी कसा काढू?

विजेचं बिल, गॅसचं बिल आणि पेट्रोलच्या पावत्या एवढंच घेऊन बसा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापरही छापलेला असतो, त्यामुळे वर्षाचा हिशेब एका कागदावर मिळतो. विजेच्या १ युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा, कारण देशातली वीज अजून मुख्यतः कोळशावर होते. पाइप गॅसचा १ घनमीटर म्हणजे २ किलोंच्या आसपास. घरात सिलिंडर असेल, तर १४.२ किलोंचा एक सिलिंडर संपला की बेचाळीसेक किलो. पेट्रोलच्या १ लिटरला २.३ किलो, डिझेलला २.७ किलो.

इथे बहुतेक जण थांबवतात: एक लिटर पेट्रोलचं वजनच पाऊण किलो, मग त्यातून सव्वादोन किलो वायू कसा निघेल? पेट्रोल जळताना त्यातला कार्बन हवेतला ऑक्सिजन उचलतो आणि वजन त्या ऑक्सिजनमुळे वाढतं. हिशेब बरोबर आहे.

आमच्या चार माणसांच्या घरात वर्षभराची सरासरी काढली तेव्हा महिन्याला २५० युनिट वीज निघाली, म्हणजे १७५ किलो. गॅस महिन्याला १४ घनमीटर, म्हणजे २८ किलो. विजेचा आकडा स्वयंपाकाच्या सहापट! मी तोवर शेगडी बारीक ठेवण्यावरून घरात सगळ्यांना बोलत होते, आणि आतल्या खोलीत एसी २० वर चालू असायचा.

मग सगळ्यात मोठा वाटा एसीचाच का?

गाडी आणि विमान सोडलं, तर ठाण्यातल्या बहुतेक मध्यमवर्गीय घरांत हो. दीड टनाचा एसी रात्रभर चालला की सात-आठ युनिट सहज जातात. मार्च ते जूनचा मध्य आणि पुन्हा ऑक्टोबर, अशा साधारण दीडशे रात्री धरल्या तर हजार-बाराशे युनिट होतात. म्हणजे एका खोलीच्या झोपेमागे पाऊण टनाच्या आसपास. खोल्या दोन असतील तर दुप्पट.

एसी लावूच नका, असं मी कोणाला सांगत नाही. मे महिन्यातल्या दमट रात्री, घरात तान्हं बाळ किंवा आजारी आजोबा असताना, ते सांगणं बरं नाही. पण एसी २६ वर ठेवून वर पंखा लावून बघा. दर एक अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं म्हणणं आहे. २० वरून २६ वर आलात तर जवळजवळ एक तृतीयांश. याच कारणाने २०२० पासून नवे स्टार-लेबलचे एसी चालू केल्यावर आपोआप २४ वर येतात. आपल्याकडे उकाड्यापेक्षा दमटपणाचाच त्रास जास्त, तेव्हा रिमोटवरचं 'ड्राय' बटणही वापरून बघा. आमच्याकडे सासूबाईंना तेच मानवतं.

जोडीला पंखे बदला. जुना छताचा पंखा ७५ वॉट खातो, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॉटच्या आसपास. तीन पंखे दिवसाला बारा तास फिरत असतील, तर रोज दीड युनिटाहून जास्त वाचतं. वर्षाला तीनशे किलोंहून अधिक, आणि पंख्याची किंमत बिलातून वसूल होते. घरात पहिला खर्च कशावर करू, असं कोणी विचारलं की माझं उत्तर पंखाच असतं.

मेकॅनिक दर उन्हाळ्यात एसीत गॅस भरायला सांगतो. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

फार मोठा संबंध आहे, आणि हा प्रश्न कोणी आपणहून विचारत नाही म्हणून मीच विचारायला लावते.

एसीतला गॅस बंद नळ्यांतून फिरतो, तो पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. आणि गळलेला गॅस साधा नसतो. आर-४१०ए हा गॅस वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट उष्णता धरतो, जुना आर-२२ अठराशे पटीच्या आसपास, नवा आर-३२ पावणेसातशे पट. एका एसीत साधारण किलोभर गॅस असतो. म्हणजे आर-४१०ए भरलेल्या एसीतला सगळा गॅस एकदा उडून गेला, तर दोन टन. वर्षभर दिवे बंद करत फिरून जे वाचवलं, ते एका दुपारी गेलं.

आमच्या घरी चार वर्षं दर एप्रिलला गॅस भरला गेला. पाचव्या वर्षी दुसऱ्या माणसाने साबणाचा फेस लावून जोडावरची गळती शोधली आणि अर्ध्या तासात डाग दिला. त्यानंतर आजवर गॅस भरावा लागलेला नाही. तेव्हा 'आधी गळती शोधा, मग गॅस भरा' असं स्पष्ट सांगा. घर बदलताना एसी काढायचा असेल, तर आतला गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यायला सांगा. त्याला मेकॅनिक 'पंप डाउन' म्हणतात. नळी कापून गॅस सोडून देऊ देऊ नका. नवा एसी घेताना स्टारबरोबर गॅसचं नावही बघा.

मी कासारवडवलीहून ऐरोलीला रोज गाडीने जातो. लोकलचा सल्ला मला कसा परवडणार?

तुमची अडचण खरी आहे. घोडबंदर रोडवर घर घेतलं की स्टेशनच आठ-दहा किलोमीटर लांब पडतं. तरी हिशेब एकदा मांडू. जाऊन-येऊन ४० किलोमीटर, वर्षाला २४० दिवस, माजिवड्याच्या कोंडीत गाडीचं ॲव्हरेज लिटरला १२. वर्षाला ८०० लिटर पेट्रोल झालं, म्हणजे १.८ टनांहून जास्त. एका सरासरी भारतीयाचं जवळजवळ अख्खं वर्ष तुमच्या एकट्याच्या ऑफिसच्या वाटेवर जातंय.

लोकलमध्ये तीच वीज हजारो माणसांत वाटली जाते, त्यामुळे माणशी वाटा अगदी थोडा येतो. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे सरळ गाठता येतात. मी स्वतः महापेला जाते: टीएमटीच्या (ठाणे महापालिकेच्या) बसने स्टेशन, नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून लोकल, घणसोलीला उतरून शेअर रिक्षा. सकाळी ठाण्याहून निघणाऱ्या गाडीत गर्दी असते, ती नाही असं मी म्हणणार नाही. पण पोहोचायला किती वेळ लागणार हे घरातून निघतानाच ठाऊक असतं, आणि माजिवड्याच्या सिग्नलवर ते कोणालाच ठाऊक नसतं.

रोज जमत नसेल तर आठवड्यातले दोन दिवस घ्या. पाचातले दोन दिवस गाडी घरी राहिली, मग लोकलने जा किंवा घरून काम करा, वर्षाला सातशे किलोंच्या वर वाचतात. त्याच टॉवरमधून त्याच ऐरोलीला जाणारा दुसरा कोणी असतोच, त्याला गाडीत घेतलंत तर दोघांचा मिळून आकडा निम्मा. बेलापूर, खारघर, तळोजाकडे राहणाऱ्यांना नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो आहे. उलवे-उरणकडे लोकल पोहोचली आहे. स्टेशनपर्यंतचा पहिला तुकडाच बहुतेकांना अडवतो, म्हणून सोसायटीपासून बस किती मिनिटांनी आहे याचा पाठपुरावा महापालिकेकडे करत राहणं हेही याच कामातलं आहे, असं मी मानते.

वीज कोळशावरच होते, मग इलेक्ट्रिक स्कूटरने काय साधतं?

किलोमीटरमागचा कार्बन डायऑक्साइड निम्म्याहून कमी होतो. इलेक्ट्रिक स्कूटर एका युनिटात तीसेक किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला २३-२४ ग्रॅम. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ देत असेल, तर ५० ग्रॅमच्या वर. बॅटरी बनवतानाचा भार वेगळा, पण रोज चालणाऱ्या स्कूटरमध्ये तो फिटतो. चांगली चालणारी जुनी स्कूटर फक्त रविवारी भाजी आणायला निघत असेल, तर ती विकून नवी घ्यायची घाई नको.

गॅस सोडून इंडक्शन घ्यावं का?

कार्बनच्याच हिशेबाने बघायचं, तर आज नाही. हे उत्तर ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. इंडक्शनची शेगडी स्वतः फार काटकसरी आहे, पण तिच्यापर्यंत येणारी वीज कोळशाच्या बॉयलरमधून निम्म्याहून जास्त उष्णता वाया घालवून आलेली असते. तेवढंच अन्न शिजवायला पाइप गॅसवर निघणारा कार्बन डायऑक्साइड कोळशाच्या विजेपेक्षा निम्म्याच्या आसपास बसतो. ग्रिडमध्ये, म्हणजे देशाच्या वीजजाळ्यात, सौर आणि पवन वीज वाढेल तसं हे उलटत जाईल. स्वयंपाकघरातल्या हवेसाठी मात्र इंडक्शन आजही चांगलं. कोणाच्या घरी दम्याचा त्रास असेल, तर मी तेच सुचवेन.

तोवर कुकर, झाकण आणि भिजवणं. राजमा, वाल, चवळी रात्री भिजत घाला. डाळ-भात एका कुकरात लावा. आपल्या आया हे करतच होत्या, सिलिंडर महिनाभर पुरवायचा म्हणून.

मटण सोडलं की झालं ना?

मटणाचा आकडा मोठा आहे, यात वाद नाही. शेळ्या-मेंढ्या रवंथ करताना मिथेन सोडतात, त्यामुळे किलोभर मटणामागे वीस किलोंहून अधिक पडतात. चिकन त्याच्या बरंच खाली, आणि डाळी एक-दोन किलोंवर. पण दूधही रवंथ करणाऱ्या जनावराचंच. एक किलो पनीरला पाच-सहा लिटर दूध लागतं, त्यामुळे पनीर चिकनच्याही वर जातं. महिन्यातून एका रविवारी मटण करणारं घर आणि आठवड्यातून चार दिवस पनीर खाणारं घर, यांत दुसऱ्याने पहिल्याला ऐकवण्यासारखं काही नाही.

पाण्याने भरलेल्या भातखाचरातून मिथेन निघतो, ज्वारी-नाचणीच्या कोरडवाहू शेतातून तसा निघत नाही. रात्रीच्या जेवणात भाताऐवजी भाकरी आली तर पोटालाही बरं. पावसाळ्यासाठी साठवलेले सुके बोंबील आणि जवळा तर उन्हावर वाळलेले, फ्रीजचंही काम नाही.

या सगळ्याहून महत्त्वाचं मला वाटतं ते ताटात टाकून दिलेलं अन्न. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतीय घरांतून माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज आहे. शेत, ट्रक, वाशीचं एपीएमसी मार्केट, फ्रीज, शेगडी असा सगळा प्रवास करून ते कचऱ्यात जातं, आणि तिथे पुन्हा मिथेन सोडतं.

ओला कचरा घंटागाडीला देतोच की. आणखी काय करायचं?

वेगळा देता, ही अर्धी लढाई झाली. मिसळलेला कचरा डम्पिंगवर ढिगाखाली हवेविना कुजतो, आणि त्यातून निघणारा मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. ठाण्याच्या कचऱ्याचा वास आणि धूर जिथे तो टाकला जायचा त्या दिवा भागातल्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसला. आपल्या सोसायटीच्या गेटबाहेर गेला की कचरा संपतो, असं म्हणायला मला तेव्हापासून लाज वाटते.

इमारतीतच खत करता आलं तर सगळ्यात उत्तम. रोज १०० किलोंच्या वर कचरा करणाऱ्या मोठ्या सोसायट्यांवर ओला कचरा जागेवर जिरवण्याची जबाबदारी २०१६ च्या केंद्राच्या नियमांनीच टाकली. घरापुरतं करायचं तर भोकं पाडलेला ड्रम किंवा माठ, तळाला नारळाच्या शेंड्या, मग एक थर ओल्या कचऱ्याचा आणि एक सुक्या पानांचा. सुरुवातीला आंबट ताक शिंपडा. पावसाळ्यात लोक हे बंद करतात, कारण ड्रम चिकचिकतो आणि अळ्या दिसतात. अळ्यांनी खताचं काही बिघडत नाही. सुका माल कमी पडला, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडं पानं गाळतात तेव्हा दोन पोती भरून कोरड्यात ठेवा. तीच पानं कोपऱ्यात जाळली जातात, तेही थांबेल.

सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवणं परवडतं का?

माझ्या मते एका इमारतीला करता येण्यासारखं सर्वांत मोठं काम हेच. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे एका सामायिक मीटरवर असतात, तिथे सोलर जोडायचं. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट उघडी जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट मिळतात. २० किलोवॉटचा संच वर्षाला २८ हजारांच्या आसपास युनिट देतो, म्हणजे सुमारे २० टन कार्बन डायऑक्साइड वाचतो. एवढं एका घरात कितीही काटकसर केली तरी होत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपयांचं अनुदान ठेवलं आहे. बंगला किंवा रो-हाउस असेल तर ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार. नेट मीटर बसला की दुपारची जास्तीची वीज ग्रिडला जाते आणि रात्रीच्या वापरातून वळती होते.

अडचणी सांगते. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन पडतं, ते गृहीत धरूनच हिशेब करा. शेजारी टॉवर उभा राहिला तर सावली येते, म्हणून बांधकाम परवानगीची पाटी आधी बघून या. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी करून घ्या, नंतर ढाचा उचलून काम करणं महाग पडतं. आणि वर्षातून काही वेळा पॅनल धुवायचे कोणी, हे ठरावातच लिहा. आमच्या भागातल्या कित्येक गच्च्यांवर पाणी तापवायचे सोलर हीटर नुसते गंजत पडलेत. निगा कोणाकडे, हे कोणी ठरवलंच नव्हतं.

आता नवी मुंबईतही विमानतळ झाला. वर्षातून एकदा विमानाने गेलं तर एवढं काय?

मुंबई ते दिल्ली एका बाजूने माणशी साधारण १०० किलो. चौघं जाऊन आले की ८०० किलो, म्हणजे आमच्या घराच्या साडेचार महिन्यांच्या विजेइतके. लंडनला जाऊन येणं माणशी एक टनाच्या आसपास. मुलगी परदेशात असेल तर आई-बाप जाणारच, त्यांना मी काय सांगणार? पण गोव्याला विमानाने जायचं कारण मला सापडत नाही. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, आणि कोकणकन्या ठाण्याला थांबते.

झाडं लावून भरपाई होते का?

मोठं झालेलं झाड वर्षाला वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड घेतं. वरच्या गाडीचे १.८ टन भरून काढायला नव्वद वाढलेली झाडं लागतील, दर वर्षी, एकही न मरता. तेव्हा झाडं जरूर लावा, पण पेट्रोलच्या बदल्यात नको. आहेत त्या झाडांच्या बुंध्याभोवतीचं सिमेंट आणि पेव्हर ब्लॉक काढून घेतलेत, तर ती पावसाळ्यात कोसळायची भीती कमी होईल.

आणि खाडी विसरू नका. खारफुटी आपल्या मुळांखालच्या चिखलात शेकडो वर्षांचा कार्बन धरून बसलेली असते. भराव टाकला की तो साठा हवेत जातो. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं. खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरचा घाला आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं. खाडीकडेला डेब्रिजचा डम्पर रिकामा होताना दिसला तर फोटो काढून तक्रार करा. त्या दिवशी याहून मोठं काम तुमच्या हातून होणार नाही.

कापडी पिशवी?

वापराच. तिचा फायदा नाल्यांना, जनावरांना, खाडीतल्या माशांना होतो. कार्बनच्या आकड्यात ती अगदी छोटी आहे. घरात साठलेल्या आहेत त्याच वापरा, कार्यक्रमात वाटलेली नवी घेऊन येऊ नका.

आमच्याकडे एसी नाही, गाडी नाही. चाळीत एक खोली. आम्ही काय कमी करायचं?

काही नाही. हा प्रश्न मला आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी विचारला होता, आणि मी त्यांना हेच सांगितलं. कळव्याच्या त्यांच्या खोलीत पत्र्याखाली मे महिना काढणं कसं असतं, ते त्यांना ठाऊक. त्यांच्या घरी नवा पंखा आला, पत्र्यावर पांढरा रंग लागला तर ते हवंच. कमी करायचं ते आम्ही, ज्यांच्या बिलाचा टप्पा तीनशे युनिटांच्या वर जातो.

कारखाने आणि वीज केंद्रं एवढा धूर सोडतात, माझ्या एकटीच्या करण्याने काय फरक पडणार?

ती वीज केंद्रं आपलेच एसी चालवतात. पण तुमचा प्रश्न मी उडवून लावत नाही. कोळसा कधी बंद करायचा, बस किती घ्यायच्या, खाडीत भराव टाकू द्यायचा का, हे घरात बसून ठरत नाही. म्हणून आपल्या घराचं करून झालं की सोसायटीत, मग प्रभागात. नगरसेवक मत मागायला आला की बसबद्दल आणि खारफुटीबद्दल विचारा. आपण घरात काही केलेलं असलं की तो प्रश्न जास्त ठामपणे विचारता येतो, हा माझा अनुभव.

सोसायटीच्या सभेत हा विषय काढला की लोक उठून जातात. काय करू?

'पर्यावरण' या शब्दाने सुरुवात करू नका. सामायिक मीटरची बारा महिन्यांची बिलं घेऊन जा आणि फळ्यावर आकडे लिहा. आमच्या पहिल्या सभेत ते आकडे बघून तळमजल्यावरचे काका म्हणाले, रात्री पंप फार वेळ चालू असतो. दुसऱ्या दिवशी वर जाऊन पाहिलं, तर गच्चीवरची टाकी रोज भरून वाहत होती आणि पाणी पन्हाळीतून थेट गटारात जात होतं. वॉचमनने बटण बंद करेपर्यंत पंप चालू. टाकीत सेन्सर बसवला, पंप आपोआप बंद व्हायला लागला, आणि दोन महिन्यांनी कमी झालेलं बिल नोटीस बोर्डावर लावलं. त्याच्या पुढच्या सभेत सोलरची कोटेशनं मागवायचा ठराव काकांनीच मांडला.